पावसाआधी शेणाचा खड्डा रिकामा करा

गटाचं कर्ज काढून आपल्यातल्या कितीतरी जणींनी गाई-म्हशी घेतल्या. दुधाचा हिशोब आपण रोज ठेवतो. पण गोठ्यातलं शेण, मूत आणि धुण्याचं पाणी ज्या खड्ड्यात जातं, त्याकडे पावसाळ्याआधी कितीजणी बघतात?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात डुकरांचे मोठमोठे फार्म आहेत. तिथे जनावरांची घाण मातीच्या उघड्या तळ्यांत साठवतात. काठाखाली जागा रिकामी ठेवायची, असा तिथे नियम आहे. तरी सप्टेंबर 2018 मध्ये फ्लॉरेन्स वादळात इतका पाऊस झाला, की तीसहून जास्त तळी भरून वाहिली, काहींचे काठ फुटले. घाण ओढ्या-नद्यांत गेली. त्याआधी 1999 च्या फ्लॉइड वादळातही हेच झालं होतं. त्यानंतर सरकारने पूर येणाऱ्या जागेतली बरीच तळी पैसे देऊन कायमची बंद केली.

आपला खड्डा लहान, पण गणित तेच. 10 बाय 12 फुटांच्या खड्ड्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर हजार लिटरहून जास्त पाणी नुसतं वरून येतं. खड्डा काठोकाठ भरलेला असेल, तर तेवढंच शेणपाणी बाहेर पडणार. उतार विहिरीकडे असला की ते विहिरीत! त्यातून जुलाब, लेप्टो असे आजार होतात. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण शेणामुतातून आलेलं नायट्रेट उकळून जात नाही. ते तान्ह्या बाळाला घातक असतं.

मग काय करायचं?

• मे महिन्यातच खत शेतात न्या आणि मातीत मिसळा. जोराच्या पावसाच्या तोंडावर स्लरी सोडू नका, ती वाहून जाते.

• पावसाळाभर खड्डा काठापासून दीड फूट रिकामा ठेवा.

• पत्र्याचं पाणी खड्ड्यात पडू देऊ नका. वरच्या अंगाला चर काढा.

• नवा खड्डा विहीर-बोअरपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला आणि पूररेषेबाहेर घ्या.

• विहिरीत पुराचं पाणी शिरलं, तर उपसा करून टीसीएल टाका. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासून घेतल्याशिवाय पिऊ नका.

कोल्हापूर-सांगलीकडच्या बायांनी 2019 आणि 2021 मध्ये गोठ्यात शिरलेलं पाणी बघितलंय. तायांनो, पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एवढं विचारा: कोणाचा खड्डा रिकामा झाला, कोणाचा राहिला? जिचा राहिला, तिला चार हात देऊ. कारण विहीर सगळ्यांची एकच आहे.