आदिवासींचे मानसिक आरोग्य : प्रश्न फक्त समुपदेशनाचा नाही

'आदिवासी तरुणांमध्ये आत्महत्या जास्त होतात,' असे कॅनडात वर्षानुवर्षे सांगितले जाते. सरासरी आकडा पाहिला तर ते खोटे नाही. पण सरासरी अर्धेच सांगते.

मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद या मानसशास्त्रज्ञांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे २०० आदिवासी समूहांमधील १९८७ ते १९९२ या काळातील तरुणांच्या आत्महत्या तपासल्या. १९९८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक समूहांत त्या पाच वर्षांत एकाही तरुणाची आत्महत्या झालेली नव्हती. काही मोजक्या समूहांत मात्र प्रमाण भयानक होते. म्हणजे दोष 'आदिवासी असण्यात' नव्हता.

मग फरक कशाने पडला? संशोधकांनी सहा गोष्टी पाहिल्या. स्वशासन आहे का? जमिनीच्या हक्कासाठी समूह लढतो आहे का? शाळा, आरोग्यसेवा, पोलीस व अग्निशमन सेवा समूहाच्या हातात आहेत का? स्वतःचे सांस्कृतिक केंद्र आहे का? ज्या समूहांत या सहाही गोष्टी होत्या, तिथे तरुणांच्या आत्महत्या शून्य होत्या. २००७ मध्ये याच संशोधकांनी मातृभाषेबाबत अभ्यास केला. जिथे बहुसंख्य लोक आपली भाषा बोलू शकत होते, तिथेही आत्महत्या अत्यल्प आढळल्या.

यामागे इतिहास आहे. कॅनडाने सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले. मातृभाषा बोलली म्हणून तिथे शिक्षा होत असे. २०१५ मध्ये सत्यशोधन व सलोखा आयोगाने याला 'सांस्कृतिक वंशसंहार' म्हटले. ज्याचा भूतकाळ पुसला, त्याला भविष्य दिसणे अवघड होते.

सहा गोष्टी आल्या की आत्महत्या थांबतातच, असे हा अभ्यास सिद्ध करत नाही. तो संबंध दाखवतो. उपचारांची गरजही संपत नाही. आपल्या ओळखीतले कोणी खचले असेल तर त्याला एकटे सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

पण कार्यकर्ता म्हणून कोणत्याही वस्तीत मानसिक आरोग्याचे शिबिर घेताना आणखी काही प्रश्न विचारायला हवेत. इथली शाळा कोण चालवते? ती कोणत्या भाषेत चालते? जमीन कोणाच्या नावावर आहे? निर्णय कोण घेते? निर्णय दुसऱ्यांच्याच हातात राहणार असतील, तर केवळ समुपदेशक नेमून दुःखाचे मूळ हटणार नाही.