पासोडी आणि पाटी

पाटीवर अक्षरांऐवजीं चित्रें काढणाऱ्या मुलांचे कान आम्हीं शिक्षकीच्या काळांत पुष्कळदां उपटले. आतां त्याचा पश्चात्ताप होतो.

आमच्या बीड जिल्ह्यांत अंबाजोगाई येथें दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा त्या कापडावर त्यांनीं पंचीकरणासारखा गहन वेदान्तविषय ओव्यांत लिहिला आणि तो ध्यानांत यावा म्हणून आकृत्याही काढल्या. एवढ्या थोर पंडितास चित्राचा कमीपणा वाटला नाहीं. मग आम्हांस कां वाटावा?

मध्य अमेरिकेंतील प्राचीन माया लोकांच्या लिपींत तर चित्र व अक्षर एकत्रच नांदत. जग्वार नांवाच्या वाघासारख्या श्वापदास ते ‘बालाम’ म्हणत. हा शब्द ते कधीं त्या प्राण्याचें मुख काढून, तर कधीं ‘बा-ला-मा’ हीं तीन चिन्हें जोडून लिहीत. हीं चिन्हें आपल्या बाराखडीप्रमाणें व्यंजन व स्वर मिळून झालेलीं आहेत, हें रशियन पंडित क्नोरोझोव्ह यांनीं १९५२ सालीं दाखविलें. शेवटचा स्वर लिहावा पण उच्चारूं नये, ही त्यांची रीत ‘घर’ वाचणाऱ्या मराठी मुलास नवी नाहीं.

म्हणून घरोघरच्या वडील मंडळींस आमची विनंती आहे कीं, अक्षरास भिणाऱ्या मुलापुढें एखादें जुनें, धुतलेलें धोतर पसरावें. त्यानें मासा काढावा. आपण शेजारीं ‘मा’ आणि ‘सा’ लिहावें. चार दिवसांनीं चित्र झांकून शब्द वाचावयास सांगावें. कान मात्र उपटूं नयेत.