जमाखर्चाची विद्या आणि खांडबाऱ्याचा विद्यार्थी

नवापूर आणि नंदुरबार यांच्या मध्यें, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, खांडबारा हें स्थानक आहे. येथील मुलामुलींनीं बारावीनंतर वाणिज्य शाखेचें शिक्षण घेण्याचें मनांत आणलें तर त्यांना मुंबई-पुणें गांठावें लागत नाहीं. दोहों बाजूंच्या गांवीं महाविद्यालयें आहेत. ‘पदवी मिळेल, पण पुढें काय?’ हा पालकांचा प्रश्न मात्र रास्त आहे.

हिशेब लिहिण्याचें काम रुक्ष, म्हणून कमी प्रतीचें, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. कौटिल्याचें मत निराळें होतें. अर्थशास्त्रांत ‘अक्षपटल’ म्हणजे हिशेबाच्या कचेरीवर त्यानें स्वतंत्र अध्याय लिहिला असून, आषाढांत वर्षाचे हिशेब घेऊन आलेल्या गणकांनीं मोहोरबंद पुस्तकें सादर करावीं आणि त्यांना एकमेकांशीं बोलूं देऊं नये, अशी व्यवस्था सांगितली आहे! लेखापरीक्षणाचें मर्म त्यास पुरतें उमगलें होतें.

महाविद्यालयांत विद्यार्थी कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या क्रमानें पुढें जातो. आतां बेरजा संगणक करतो, मग हें हातानें शिकावें कशास, असें पुष्कळ जण विचारतात. समजा, एखाद्या सोसायटीनें गुदामाचें छप्पर दुरुस्त केलें आणि तो खर्च दुरुस्तीखात्याऐवजीं इमारतखात्यास नांवें पडला. तेरीज तंतोतंत जुळेल. नफा मात्र फुगलेला दिसेल. जुळलेल्या बेरजेच्या आड लपलेली अशी चूक ओळखण्यास शिकलेली दृष्टि लागते.

पदवीनंतरची सर्वांत मानाची वाट सनदी लेखापालाची. या व्यवसायाचा कायदा १९४९ चा. वाणिज्य पदवीस ५५ टक्के गुण असल्यास पहिली पायरी टळून मधल्या परीक्षेस थेट नांव नोंदवितां येतें, आणि २०२३ पासून उमेदवारीहि तीन वर्षांऐवजीं दोन वर्षांची झाली आहे. तरीहि वाट लांब, खर्चाची व निकाल कठीण. घरीं ओढग्रस्त असेल त्यानें सारें याच एका डावावर लावूं नये. बँका, पेढ्या व २०१७ पासून वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें भरून देणाऱ्या कचेऱ्या यांतहि पोटापुरतें काम आहे.

माझ्या मतें या भागांत दुसरीच एक परीक्षा अधिक लक्ष देण्याजोगी आहे: सहकार खात्याची ‘शासकीय सहकार व लेखा पदविका’. १९६० च्या कायद्यान्वयें प्रत्येक सहकारी संस्थेचे हिशेब दरवर्षीं तपासले गेलेच पाहिजेत. प्रमाणित लेखापरीक्षक होण्यास पदवी, ही पदविका, संस्था तपासण्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचें कामापुरतें ज्ञान लागतें. (ही शेवटची अट वाचून आमच्यासारख्या जुन्या शिक्षकास संतोष वाटतो.) अनुभवासाठीं जुन्या परीक्षकाच्या हाताखालीं राहणें हा सरळ उपाय.

कुळास पावती व हिशेबाचा उतारा मिळावा, अशीं कलमें १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्यांत घालावीं लागलीं; कारण वही सावकाराची आणि अंगठा कुळाचा! आज सोसायटीची वही सभासदांचीच आहे. पण वार्षिक सभेंत वाचला जाणारा ताळेबंद किती जणांस उमगतो? नवापूर तालुक्यांतील पुष्कळ घरांत मावची बोलतात. ‘येणें बाकी’ म्हणजे कोणाकडून किती, आणि ती कां थकली, हें त्या बोलींत समजावून सांगूं शकेल असा परीक्षक बाहेरगांवाहून येण्याचा संभव थोडा.