विश्लेषण : काम वाटून घेतले तरी शेजाऱ्याचे काम डोक्यात का राहते?

एक जण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो. तरीही लाटणाऱ्याचे अर्धे लक्ष तव्यावर असते. ही केवळ सवय आहे की मेंदूच तसा चालतो? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हाच प्रश्न तपासला.

‘सायमन परिणाम’ म्हणजे काय?
लाल रंग दिसला की डावे बटण दाबायचे, हिरवा दिसला की उजवे. आता लाल ठिपका पडद्याच्या उजव्या बाजूला उमटला, तर उत्तर किंचित उशिरा येते. जागेकडे दुर्लक्ष करायचे असूनही ती हाताला उजवीकडे ओढते. ही प्रतिसादांची रस्सीखेच १९६०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जे. आर. सायमन यांनी दाखवली. उशीर सेकंदाच्या काही शतांशांचाच असतो, पण तो मोजता येतो.

दोघे बसले की काय बदलते?
नताली सेबान्झ, ग्युंटर नोब्लिख आणि वोल्फगांग प्रिन्झ यांनी पडद्यावर बोट दाखवणारा हात आणि त्यात लाल किंवा हिरवी अंगठी दाखवली. बोटाच्या दिशेकडे लक्ष न देता अंगठीच्या रंगावर उत्तर द्यायचे होते. एका व्यक्तीला एकच रंग आणि एकच बटण दिल्यावर रस्सीखेच जवळपास संपली. शेजारी दुसरी व्यक्ती बसवून उरलेला रंग तिला दिला, तेव्हा ती परत आली. पहिल्या व्यक्तीचे काम मात्र तसूभरही बदलले नव्हते.

मग यात मांजर कुठून आले?
शेजाऱ्याचे काम आपण मनात आपलेच असल्यासारखे मांडतो, असा याचा अर्थ लावला गेला. २०१३ मध्ये थॉमस डोल्क आणि सहकाऱ्यांनी माणसाऐवजी हात हलवणारे जपानी खेळण्यातले मांजर ठेवले. तरीही परिणाम दिसला! त्यांच्या मते, शेजारी लक्ष वेधणारे काहीही असले, तरी मेंदू आपल्या बटणाची ‘डावे की उजवे’ अशी नोंद करू लागतो.

आपल्याला काय?
विमानात एक वैमानिक विमान चालवतो, दुसरा देखरेख ठेवतो. तिथे जोडीदाराच्या कामाचे भान सुरक्षिततेसाठी हवेच असते. प्रयोगशाळेतील आकडे थेट कॉकपिटला किंवा ऑफिसला लावता येणार नाहीत. पण एक गोष्ट स्पष्ट आहे : काम अर्धे झाले म्हणून डोक्यावरचा भारही अर्धा होतो, असे गृहीत धरता येत नाही. शेजारी कोण बसले आहे, यानेही फरक पडतो.