नदीने घोटलेला पट

नदीच्या पात्रात सापडणारा गुळगुळीत गोटा हा मुळात डोंगराचा तुटलेला, कोनाकोपऱ्यांचा तुकडा असतो. पुरात गडगडताना इतर दगडांवर आपटून त्याच्या कडा बोथट होतात आणि वाळूच्या घर्षणाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू नितळ होत जातो. अशा तळहाताएवढ्या गोट्यावर बारीक कुंचल्याने पक्षी, फुले किंवा देवळे रंगवण्याचा छंद आजचा वाटत असला, तरी त्याची मुळे फार खोल आहेत. दक्षिण फ्रान्समधील मास दाझील येथील गुहेत एदुआर प्येत या पुरातत्त्वज्ञाने १८८७ पासून केलेल्या उत्खननात गेरूने ठिपके आणि पट्टे काढलेले पुराश्मयुगाच्या अखेरच्या काळातील गोटे मिळाले, आणि त्या खुणांचा अर्थ आजही निश्चित लागलेला नाही.

‘लघुचित्र’ या अर्थाने युरोपीय भाषांत रूढ असलेल्या ‘मिनिएचर’ शब्दाचा उगमही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तो लहानपणावरून नव्हे, तर ‘मिनिअम’ या लॅटिन शब्दावरून, म्हणजे हस्तलिखितांतील अक्षरे रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेंदरावरून आला. गावोगावच्या म्हसोबाला आणि मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर चढवणाऱ्या महाराष्ट्राला दगड आणि रंग यांचे हे नाते परके वाटण्याचे कारण नाही.

भारतीय लघुचित्रकार कागद पालथा घालून अकीकाच्या, म्हणजे एका कठीण व चकचकीत दगडाच्या, साहाय्याने घोटत असत, कारण खरखरीत पृष्ठावर केसाएवढी रेघ सरळ उतरत नाही. गोट्याच्या बाबतीत ही घोटाई नदीनेच करून ठेवलेली असते. म्हणूनच दगडाची निवड हे या कलेतील निम्मे काम मानले पाहिजे. दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हा थिजलेल्या लाव्हारसाचा खडक असल्याने त्यात अनेकदा वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेली छिद्रे असतात, आणि बारीक कामासाठी त्यातला सच्छिद्र तुकडा टाळून घट्ट पोताचाच घ्यावा लागतो.

दगड साबणाने धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक असते, कारण आत ओल राहिल्यास रंगाचा थर पुढे सुटू शकतो. ॲक्रिलिक रंग या कामी सोयीचे ठरतात. ते पाण्यात कालवता येतात, मात्र वाळल्यावर त्यांचा पाण्याने न विरघळणारा पापुद्रा तयार होतो. काळ्या दगडावर फिकट रंग बुजून जात असल्याने चित्राच्या जागेपुरते पांढरे अस्तर देतात, त्यावर मोठे आकार भरतात आणि प्रत्येक थर सुकू देऊन अखेरीस शाईइतक्या पातळ केलेल्या रंगाने, टोकदार शून्य क्रमांकाच्या किंवा त्याहून बारीक कुंचल्याने पिसांच्या आणि पानांच्या शिरा काढतात. त्यानंतर पारदर्शक वॉर्निशचे पातळ हात दिले जातात.

संपूर्ण गोटा रंगाने झाकून टाकणारी चित्रे पुष्कळ दिसतात, परंतु त्यांत दगड केवळ कागदाची जागा घेतो आणि त्याचे स्वतःचे रूप हरवते. याउलट बेसॉल्टच्या छिद्रांत साचलेल्या पांढऱ्या खनिजाची वाटोळी गाठ ज्या चित्रकाराला चंद्र म्हणून दिसते, तो तिच्याखाली झाडाची एखादी फांदी आणि तीवर बसलेले घुबड एवढेच काढतो आणि उरलेला काळा दगड रात्रीसाठी तसाच सोडून देतो.