ओव्हरसियर घडवायला निघालेलं कॉलेज

पुण्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला 'सीओईपी कुठे?' असं विचारलं, तर तो क्षणभर थांबतो आणि मग स्वतःच म्हणतो, 'म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेज ना?' आज जिल्ह्यात इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजायला बसलं तर बोटं पुरायची नाहीत. तरीही पुढे-मागे काही न लावता नुसतं 'इंजिनिअरिंग कॉलेज' म्हटलं की शिवाजीनगरची, संगमाजवळची ती दगडी इमारतच डोळ्यांसमोर येते. संस्थेने स्वतःचं नाव मात्र पुन्हापुन्हा बदललं. २०२२ पासून कागदोपत्री ती आहे 'सीओईपी टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी', म्हणजे राज्य सरकारचं स्वतंत्र विद्यापीठ.

सुरुवातीचं नाव लांबलचक होतं, हेतू मात्र आखूड. १८५४ साली पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आदल्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती अशी कामं वाढत चालली होती. नकाशावर सही करणारा साहेब विलायतेहून आणता येई. पण उन्हात उभं राहून लेव्हल घेणारा, गवंड्याकडून दगड नीट बसवून घेणारा, मोजमापाची वही भरणारा माणूस काही बोटीने आणून परवडत नव्हता. तो इथेच तयार करायचा, यासाठी ही शाळा. साहेबाच्या हाताखालचा माणूस, म्हणजे ओव्हरसियर, घडवायचा, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

सर्वांत जुनं कॉलेज कोणतं, हा वाद इथे कोणी काढला तर त्यात फार पडू नये. मद्रासच्या गिंडीची सर्वेक्षण शाळा १७९४ ची आणि रुरकीचं कॉलेज १८४७ चं. त्यांच्यानंतर पुण्याचा नंबर लागतो असं अभिमानाने सांगितलं जातं. शाळा कशाला म्हणायचं आणि कॉलेज कशाला, यावर तो नंबर खाली-वर होतो.

शाळेचं कॉलेज झालं ते मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेल्यावर. १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी गॉथिक धाटणीच्या मुख्य इमारतीची कोनशिला बसवली. त्याच सुमारास प्राचार्य म्हणून आले थिओडोर कुक. हे गृहस्थ मोठे गमतीचे. मूळचे आयरिश इंजिनिअर. बॉम्बे-बडोदा रेल्वेसाठी पूल बांधायला हिंदुस्थानात आलेले. पण जीव जडला झाडापाल्यावर. इथे नोकरी करता करता त्यांनी पश्चिम भारतातल्या वनस्पती गोळा केल्या आणि निवृत्तीनंतर इंग्लंडात बसून मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने प्रसिद्ध झाला. सह्याद्रीत वनस्पती ओळखत हिंडणाऱ्या अभ्यासकाला आजही त्या ग्रंथाकडे वळावं लागतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राचार्याच्या नावावर सर्वांत टिकाऊ काम उरलं ते गवतापासून वडापर्यंतच्या झाडांचं!

त्या काळात हे फार विचित्रही नव्हतं. शेती आणि वनविद्येचे वर्गही इथेच भरत आणि काही काळ संस्थेचं नावच 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं. पुढे शेतीचं वेगळं कॉलेज झालं आणि १९११ मध्ये 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव आलं. तोवर इथली मुख्य परीक्षा एल.सी.ई. म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीतली लायसेन्शिएटची. बी.ई. ही पदवी त्यानंतरची.

त्या एल.सी.ई.च्या परीक्षेत १८८३ साली म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन आलेला एक विद्यार्थी पहिला आला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात ते रुजू झाले आणि त्यांनी नोकरीची सुरुवात केली नाशकात. म्हैसूरचे दिवाण, भारतरत्न, १५ सप्टेंबरचा अभियंता दिन हे सगळं पाठ्यपुस्तकात असतं. मराठी वाचकाने त्यांचं खडकवासल्याचं काम मात्र जरा थांबून पाहावं.

धरण बांधून झालेलं होतं, पाणी मात्र कमी पडत होतं. भिंत उंचवायची तर खर्च मोठा आणि पुराच्या वेळी धरणाला धोका. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत येईतो ती बंद राहत, म्हणजे तेवढा साठा जास्तीचा. पातळी ओलांडली की दारं आपसूक उघडत आणि पूर ओसरला की मिटत. रात्री-अपरात्री पावसात धावत जाऊन चाक फिरवायला माणूस लागत नसे. पाण्याचाच जोर ते काम करी. १९०३ च्या सुमारास ही दारं बसली. पुढे ग्वाल्हेरजवळ तिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही हीच युक्ती वापरली गेली. हाताखालचा माणूस म्हणून तयार केलेल्याने साहेबाच्या धरणात सुधारणा केली ती अशी.

अभ्यास म्हणजे इथे बराचसा अंगमेहनतीचाच होता आणि अजूनही थोडा आहे. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप आठवून हसणारे निवृत्त इंजिनिअर घरोघरी सापडतील. हातात लोखंडाचा तुकडा आणि कानस. तो घासून काटकोनात आणायचा, ट्राय-स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून रेघभर जरी प्रकाश दिसला, तरी जॉब परत आणि कानस पुन्हा हातात. दुपार जाते, तळहाताला फोड येतात आणि 'सपाट' या शब्दाचा अर्थ कळतो. त्याच्या जोडीला ड्रॉइंगच्या शीट, जर्नलवर सह्या घेण्यासाठी शेवटच्या आठवड्यात सुरू होणारी धावपळ आणि तोंडी परीक्षेची धास्ती. संगणक आले, ड्राफ्टर अडगळीत गेले. सबमिशनची घाई तेवढी कायम आहे.

सरकारी कॉलेज असल्याने इथे गुणांवर प्रवेश मिळत आला आणि फी मध्यमवर्गाला झेपत आली. ते किती मोलाचं होतं, हे दोन-चार नावांवरून दिसतं. बारामतीत जन्मलेले कुमार पटेल १९५८ मध्ये इथून दूरसंचार विषयात बी.ई. झाले आणि अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर शोधून काढला. कारखान्यात पत्रा कापायला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांच्या हाताशी हा लेसर आला तो त्यानंतर. त्यांच्या दोन वर्षं आधी, १९५६ मध्ये, याच शाखेतून पुण्याचेच थॉमस कैलथ बाहेर पडले. स्टॅनफर्डमध्ये शिकवताना त्यांनी 'लिनिअर सिस्टिम्स' हे पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर ते पोहोचलं. १९५५ च्या तुकडीतले माधव चितळे पाटबंधारे खात्यात गेले आणि १९९३ मध्ये स्टॉकहोम वॉटर प्राइझचे मानकरी ठरले. लीला पूनावाला १९६७ मध्ये इथून मेकॅनिकल इंजिनिअर झाल्या. त्या काळी त्या शाखेत मुलगी म्हणजे अप्रूपच होतं. पुढे त्या अल्फा लावल कंपनीच्या भारतातल्या प्रमुख झाल्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी शिष्यवृत्त्याही सुरू केल्या.

अर्थात सरकारी असण्याची दुसरी बाजूही होती. अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवणार, नेमणुका आणि बदल्या मंत्रालय करणार, कॉलेजने फक्त शिकवायचं. २००३ मध्ये सरकारने स्वायत्तता दिली, तेव्हा ही गाठ थोडी सैल झाली. नियामक मंडळ आलं आणि टीसीएस उभी करणारे फकीरचंद कोहली त्याचे अध्यक्ष झाले. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती आल्या, पदवी मात्र पुणे विद्यापीठाचीच राहिली. स्वायत्त कॉलेज आणि विद्यापीठ यांतला फरक सामान्य वाचकाला इथे नेमका दिसतो. शिधा आपला, चूल आपली, पण ताट वाढून द्यायला शेजारी, अशी ती व्यवस्था. २०२२ च्या कायद्याने पदवी देण्याचा अधिकारही संस्थेला मिळाला. हे एकल विद्यापीठ आहे, त्याला इतर कॉलेजं जोडलेली नाहीत; म्हणजे शेकडो कॉलेजांच्या परीक्षा घेण्याचा रगाडा त्याच्या मागे नाही. त्यामुळे संशोधनाला वेळ नाही, ही सबब पुढे करायची सोय आता उरलेली नाही.

मोकळीक मिळाली की विद्यार्थी काय करतात, ते २२ जून २०१६ ला दिसलं. श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी ३४ एकाच वेळी वीस उपग्रह घेऊन उडालं. त्यांतला एक होता पुण्याच्या या विद्यार्थ्यांचा 'स्वयम्'. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा, वजन किलोभरापेक्षाही कमी. पदवीचे विद्यार्थी चार वर्षांत पास होऊन निघून जातात, उपग्रहाला मात्र आठ वर्षं लागली. एका तुकडीने दुसरीच्या हाती काम सोपवत ते पुरं झालं. गंमत त्याच्या नावात आहे: स्वयम्, म्हणजे आपलं आपण. अंतराळात गटांगळ्या खाणाऱ्या उपग्रहाला दिशा धरायला लावण्यासाठी एरवी वीज खर्चावी लागते. या मुलांनी आत चुंबक बसवले. होकायंत्राची सुई वळते तसा उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून वळतो आणि त्याचं डोलणं हळूहळू थांबवायला खास धातूच्या कांड्या. मोटार नाही, वीज नाही. खडकवासल्याची दारं पाण्याच्या जोरावर आपसूक उघडत होती, हा ठोकळा पृथ्वीच्या जोरावर आपसूक वळत होता. मधे शंभराहून अधिक वर्षं गेली, पण डोकं त्याच घराण्याचं वाटतं.

वर्गाबाहेरचं जगही लहान नाही. पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत तालमींमुळे लेक्चर बुडवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची मंडळी इथली. पण पुणेकरांच्या मनात या कॉलेजचं खरं गॅदरिंग म्हणजे रेगाटा. १९२८ मध्ये स्थापन झालेला इथला बोट क्लब मुळेच्या काठी आहे आणि वर्षातून एकदा विद्यार्थी नदीवर होड्यांच्या कवायती करतात. बाणाच्या आकारात निघणाऱ्या लांब, निमुळत्या होड्या, पंट म्हणजे सपाट तळाच्या होड्यांवरच्या रचना आणि अंधार पडला की मशाली. त्या मशालींची रांग पाण्यात दुणावते, तेव्हा काठावरची गर्दी एकदम गप्प होते.

फक्त त्या आधी महिनोन्‌महिने जो सराव चालतो, तो जलपर्णी बाजूला सारत, नाकाला रुमाल लावून. ज्या कॉलेजने विश्वेश्वरय्या आणि चितळे दिले, त्याच्या दारातल्या नदीची ही गत आहे. नवं विद्यापीठ संशोधनाचे विषय निवडेल तेव्हा पहिला विषय त्याला बोट क्लबच्या पायऱ्यांवर उभं राहूनच दिसेल. रेगाटा पाहिली नसेल, तर एकदा जरूर जा. जरा लवकर पोहोचा. मशाली पेटायच्या आधी, उजेड असताना, नदीही नीट पाहून घ्या.