शिरोड्याचे शिक्षक खांडेकर

विष्णु सखाराम खांडेकर (१८९८-१९७६) यांनी १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षकाची नोकरी पत्करली आणि पुढील अठरा वर्षे ते तिथेच रमले. 'हृदयाची हाक' ही त्यांची पहिली कादंबरी मात्र १९३० साली निघाली. मधला काळ मुख्यतः कथा व टीकालेखन यांत गेला. हे स्वाभाविकच होय. वह्या तपासून उरलेल्या रात्री कथा साधते; कादंबरीला सलग महिने लागतात, आणि शिक्षकाजवळ नेमके तेच नसतात.

तथापि शाळेने त्यांचा वेळच घेतला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दारिद्र्यातून शिकू पाहणारी मुले, मिठागरांचा तो परिसर, १९३० चा मिठाचा सत्याग्रह हे सारे शिरोड्यानेच त्यांच्यापुढे आणले. 'उल्का' व 'दोन ध्रुव' यांतील ध्येयवाद काही टीकाकारांना भाबडा वाटतो. परंतु तो पुस्तकांतून उचललेला नव्हे, हे ध्यानी घेतले पाहिजे.

१९३६ साली 'छाया' या बोलपटाची कथा त्यांनी लिहिली, व १९३८ मध्ये शाळा सोडून ते कोल्हापुरास स्थायिक झाले. आता लेखनाला मोकळीक होती. 'ययाती' प्रसिद्ध व्हावयास तरीही १९५९ साल उजाडले.